अक्कांच्या गाडीतली खुळखुळ

“गप्प! बठ्ठे गप्प!”

पांझरेच्या पुलाच्या बरोबर मध्यावर गाडी उभी करून अक्का ओरडत होत्या. मागे एसटी, एसटीमागे कांद्याचा ट्रक, ट्रकमागे दोन बैलगाड्या आणि त्यांच्यामागे, माझ्या अंदाजाने, निम्मं धुळं. सगळे हॉर्न वाजवत होते. बैलगाड्यांना हॉर्न नसतो म्हणून गाडीवान तोंडाने वाजवत होते.

“ओ ड्रायव्हर, बंद करा तुमचं ते घरघरणं! माझं मला ऐकू येत नाहीये!”

एसटीचा ड्रायव्हर तोंड उघडणार तोच खिडकीतून एका बाईचं डोकं बाहेर आलं. “अहो, करा बंद! आमच्या मुख्याध्यापिका आहेत त्या!” पुढच्या खिडकीतून दुसरं डोकं आलं. “माझ्या आईच्याही!” ड्रायव्हरने मुकाट्याने किल्ली फिरवली. ट्रक थांबला. बैलांनी रवंथ थांबवला. पांझरेनेसुद्धा वाहणं थांबवलं. म्हणजे वैशाखात ती थांबलेलीच असते, पण त्या दिवशी ती अक्कांच्या धाकाने थांबल्यासारखी दिसली.

त्या शांततेत अक्कांची गाडी एकटीच चालू होती आणि इंजिनातून आवाज येत होता. खुळखुळ, खुळखुळ, खळ्ळ्. मी बॉनेटखाली कान घालून ओणवा उभा होतो.

“आला?”

“आला, अक्का.”

“कुठून?”

“इंजिनातून.”

“ते मागच्या बैलालाही कळतंय. इंजिनात कुठून?”

मी ठोकून दिलं, “डावीकडून.”

“दहापैकी दोन,” अक्का म्हणाल्या. बॉनेट आपटून त्या गाडीत बसल्या आणि अख्ख्या वाहतुकीला ‘चला’ अशी हाताने खूण केली. वर्ग सुटल्यासारखं धुळं पुढे सरकलं.

मी त्यांचा भाडेकरू. देवपुरात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायचो आणि टेलिफोन खात्यात नोकरी करायचो. फोनसाठी लोक नंबर लावून म्हातारे व्हायचे, तो काळ. अक्कांनी मला खोली दिली ती या नोकरीवर, आणि इंजिनाला कान लावायला बसवलं तेही या नोकरीवर. “तुम्ही टेलिफोनवाले. तुमचा कान तयार असणार.” मी खात्यात खांब मोजायचं काम करत होतो, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. अक्कांनी एकदा ठरवलं की समोरच्याने त्याप्रमाणे व्हायचं, एवढंच उरे.

मुलींच्या शाळेतून निवृत्त होऊन त्यांना काही वर्षं झाली होती, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. जगातल्या प्रत्येक गोष्टीला त्या दहापैकी गुण द्यायच्या. दूधवाल्याला चार, पावसाला तीन, मारवाड्याच्या दुकानातल्या तुरीच्या डाळीला सहा आणि “सुधारणेला वाव”. माझ्या आईचं पत्र आलं की मागायच्या, वाचायच्या आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त करून मला परत द्यायच्या. आईला वाटे, मुलगा फार हुशार झाला. कारण पुढल्या पत्रात मी तिला त्या चुका कळवाव्या, अशी अक्कांची सक्ती होती. एरवी भाषा पुस्तकासारखी शुद्ध. रागावल्या की वरचा मुलामा गळून पडायचा आणि खालून लख्ख अहिराणी निघायची, ‘सगळे’चे ‘बठ्ठे’ व्हायचे.

आणि ती गाडी. अक्कांचे यजमान डॉक्टर होते. ते होते तोवर अक्का शेजारच्या सीटवर बसल्या. डॉक्टर गेले, वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का पायात कॅनव्हासचे बूट घालून, पदर खोचून, स्टेअरिंगसमोर जाऊन बसल्या. पांझरेच्या कोरड्या पात्रात गाडी शिकल्या. शिकवणारा माणूस आठवडाभरात आजारी पडला असं म्हणतात. त्यानंतर देवपुरातल्या शेळ्या रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे आणि मग डावीकडे बघू लागल्या. हे मी स्वतः पाहिलेलं आहे. ज्याला शंका असेल त्याने देवपुरातल्या शेळ्यांना विचारावं.

पण गंमत सोडा. त्या गाडीने या बाईला काय दिलं होतं, ते मी रोज बघत होतो. नरडाण्याला स्टेशनवर कुणाला आणायला जायचं असो, जळगावला जुन्या विद्यार्थिनीकडे भरीत खायला जायचं असो, अक्का उठायच्या आणि निघायच्या. कुणाला विचारणं नाही, कुणाच्या सवडीची वाट बघणं नाही. त्या वेळच्या धुळ्यात साठी ओलांडलेल्या बाईला एवढं मिळणं म्हणजे काय होतं, हे त्यांच्याच वयाच्या शेजारणींचे चेहरे बघितले की कळायचं. अक्कांची गाडी फाटकातून बाहेर पडली की त्या हातातलं काम थांबवून ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहायच्या.

म्हणूनच ती खुळखुळ जिवावर आली.

ती सुरू झाली वैशाखात, आणि नेमकी अशा वेळी की अक्कांच्या पुतणीचं लग्न तोंडावर आलेलं. पुतणी म्हणजे नानांची मुलगी. नाना म्हणजे अक्कांचे धाकटे दीर, त्याच घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात राहणारे. देवपुरातल्या सगळ्यांप्रमाणे तेही वहिनीला अक्काच म्हणत. लग्न जळगावला होतं आणि अक्कांनी पोरीला लहानपणापासून शब्द दिलेला: तुला बोहल्यावर मी नेणार, माझ्या गाडीतून, मी चालवत. पोरगीही त्यावर अडून बसलेली. नानांना हे पहिल्यापासून पसंत नव्हतं, आणि आता तर खुळखुळीने त्यांच्या हातात कोलीतच दिलं.

“नवरी मुलगी असल्या खुळखुळ्यात बसून जाईल?” नाना ओट्यावरून गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले. “वाजंत्र्याचे पैसे वाचतील, एवढाच फायदा! अक्का, एरंडोलच्या पुढे बंद पडली तर मुहूर्त काय रस्त्यावर लावायचा? नरडाण्याचं गिऱ्हाईक आहे माझ्याकडे. देऊन टाका. तुमचं वय झालं, गाडीचंही झालं.”

“भाऊजी,” अक्का शांतपणे म्हणाल्या, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. “लग्नाआधी हा आवाज मला सापडला नाही, तर किल्ली मी स्वतः तुमच्या हातात ठेवीन आणि पुन्हा स्टेअरिंगला हात लावणार नाही. सापडला, तर मुलगी माझ्या गाडीतून जाईल आणि तुम्ही मागच्या सीटवर मुकाट बसाल. आहे कबूल?”

“कबूल!” नाना म्हणाले. गल्लीने ऐकलं. आता माघार नाही.

इथे मिस्त्री आले. देवपुरातले गाड्यांचे मिस्त्री म्हणजे दणकट, आवाजी, आत्मविश्वासाने ओतप्रोत माणूस. बॉनेट उघडायच्या आधीच त्यांचं निदान तयार असे. पहिल्या खेपेला म्हणाले, टॅपेट. सगळं खोललं, पान्याने काहीतरी पिळलं, इंजिन उघडंच चालू केलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, “आते आयका, अक्का! शे का आवाज?”

आवाज नव्हता. इंजिन असं चालत होतं की जणू लोणी घुसळलं जातंय. मिस्त्रींनी सगळं जागच्या जागी बसवलं, चहा घेतला, मिशीवर हात फिरवला. अक्का गाडी घेऊन निघाल्या आणि पांझरेच्या पुलावर पोचतात तोच, खुळखुळ, खळ्ळ्.

दुसऱ्या खेपेला मिस्त्री म्हणाले, टायमिंगची साखळी. खोललं, पिळलं, चालू केलं. “आते आयका!” शांत. बसवलं. पूल आला. खुळखुळ. पुढल्या खेपेला पाण्याचा पंप. मग फॅनचा पट्टा. प्रत्येक वेळी उघडं इंजिन साधूसारखं शांत, आणि सगळं बसवून गाडी पुलावर गेली की तेच! मिस्त्रींनी शेवटी जाहीर केलं की दोष पुलाचा आहे.

गल्ली कशी मागे राहील? कुणी म्हणालं घुशीने पिल्लं घातली, कुणी म्हणालं डॉक्टरांचा जीव गाडीत अडकलाय. हे दुसरं अक्कांच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, “डॉक्टर जन्मात कधी खुळखुळ करत बोलले नाहीत. शून्य गुण.”

मग पारोळ्याची फेरी झाली. लग्नाच्या पत्रिका द्यायला अक्का निघाल्या, मागे नाना, पुढे मी माझा तयार कान घेऊन, आणि मिस्त्री त्यांची हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन. पारोळ्याच्या बाजारात आवाज इतका वाढला की कांद्याचा लिलाव थांबवून लोक आमच्याकडे बघायला लागले. मिस्त्रींनी तिथेच बॉनेट उघडलं. इंजिनाच्या डोक्यावर एक गोल पत्र्याचा डबा असतो, पुढे सोंडेसारखं नळकांडं असलेला. इंजिन त्यातून हवा ओढतं. तो डबा वाटेत येतो, म्हणून मिस्त्री काहीही दुरुस्त करायचं असलं तरी सगळ्यात आधी तो काढून बाजूला ठेवायचे. तसा काढला. पण त्यावरचा नट हातातून निसटला आणि पारोळ्याच्या बाजारातल्या कांद्यांच्या ढिगात जो गेला तो गेला. कांदा विकत घेतलेल्या कुणा गृहिणीला तो पुढे मिळाला असेल तर तिने आमची आठवण काढली असेल.

नट नाही तर डबा बसणार कसा? मिस्त्रींनी तो डिकीत टाकला आणि आम्ही परत निघालो.

गाव सुटलं. इंजिन शांत. नाना खट्टू झाले, मी खूश झालो. आणि तेवढ्यात मागून, डिकीच्या बाजूने, खुळखुळ! खळ्ळ्!

“गयं!” मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. “इंजिनमधला आजार मांगे उतरना, अक्का! आते बठ्ठी गाडी धरी टाकी त्यानी!”

“बघा!” नाना गरजले. “सगळ्या अंगात भिनलं! आता तरी द्या!”

  धुळं येईपर्यंत अक्कांनी समोरून येणाऱ्या कुणाला गुणसुद्धा दिले नाहीत. घरी मिस्त्रींनी नवा नट आणून डबा बसवला, गाडी सुरू केली आणि खुळखुळ परत पुढे आली. मिस्त्री अक्षरशः हात जोडून उभे राहिले. अक्का मात्र हसल्या.

“उद्या सकाळी अंगणात या,” त्या म्हणाल्या. “भाऊजी, तुमचं नरडाण्याचं गिऱ्हाईकही बोलवा.”

सकाळी अंगणात सतरंजी अंथरलेली. नाना, नरडाण्याचे ते गृहस्थ (जाडजूड, पांढऱ्या टोपीतले), मिस्त्री, मी, आणि कुंपणाबाहेर गल्ली. मधे गाडी, बॉनेट उघडं. अक्का हातात पट्टी घेऊन आल्या. पोह्यांच्या बशा फिरल्या. मग अक्का बोलू लागल्या.

“आमच्या आठवीच्या वर्गात मुली ओठ मिटून गुणगुणायच्या. कोण करतंय कळायचं नाही. नव्या शिक्षिका सगळ्या वर्गाला शिक्षा करायच्या. मी काय करायचे? एकेकीला बाहेर उभी करायचे. जिच्या जाण्याने वर्ग शांत झाला, ती. मिस्त्री, तुम्ही आजवर काय केलंत? गुणगुणणारी मुलगी आधी स्वतःच्या हाताने बाहेर काढलीत, मग शांत वर्गाला बडवत बसलात, आणि शेवटी तिला परत आत नेऊन बसवलंत. काल तिने तर बाकच बदलला. पुढून उठली आणि मागच्या बाकावर जाऊन गुणगुणली. टॅपेट उठून डिकीत जातं का, मिस्त्री?”

मिस्त्रींचा हात मिशीवरून आपोआप खाली आला. “डबा?” ते पुटपुटले.

“गाडी चालू करा.”

चालू केली. खुळखुळ.

“काढा बाहेर तिला.”

डबा काढला. शांत! इतकं शांत की कुंपणाबाहेर कुणीतरी पोहे चावतोय ते ऐकू आलं.

“बसवा.”

खुळखुळ.

“काढा.”

शांत. गल्लीने टाळ्या वाजवल्या. मिस्त्री डबा दोन्ही हातांत धरून उभे, तान्हं मूल पहिल्यांदा हातात दिलेल्या बापासारखे. “पण अक्का, हाऊ डबा मी कितला डाव उचला! हालाना आवाज येस... माले वाटे, माझ्या कंबरना चाव्या वाजी राहिन्यात!” त्यांच्या दुकानाशेजारी धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या ठोकणारा बसायचा, तिथे तोफ उडाली असती तरी कमरेच्या चाव्या वाजल्या असंच वाटलं असतं.

“उघडा,” अक्का म्हणाल्या आणि पोह्यांचं रिकामं ताट पुढे केलं.

मिस्त्रींनी झाकण काढलं आणि डबा ताटात उपडा केला. ताटात खणखण करत पडल्या त्या कवड्या! शुभ्र, टपोऱ्या, काळ्या तेलाचे डाग पडलेल्या कवड्या!

कुणाला काही सुचायच्या आत नाना सतरंजीवरून उडी मारून उठले आणि त्यांनी आरोळी ठोकली, “माझ्या कवड्या!”

मग ते थांबले. जीभ चावली. पण शब्द सुटला होता, आणि तो अख्ख्या गल्लीने झेलला होता.

“तुमच्या?” अक्का म्हणाल्या. “आणि भाऊजी, त्या माझ्या इंजिनात आपल्या पायांनी चालत आल्या का?”

मग सगळं बाहेर आलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात पोरीबाळी झोके खेळतात आणि पुरुषमंडळी जुगार. कवड्या टाकून खेळायचा नानांना फार शौक. पण मुख्याध्यापिकेच्या घरात जुगार? अक्कांनी साफ बंदी घातलेली. आखाजीच्या दुपारी अक्का झोके बघायला चालतच गेल्या, आणि नाना व त्यांचे दोस्त गाडीच्या शेडमध्ये, गाडीच्या सावलीत डाव मांडून बसले. भर रंगात आलेला डाव, आणि फाटकाशी अक्कांचा आवाज! त्या दिवशी मी वरून पाहिलं होतं ते दृश्य आता मला समजलं. उघड्या बॉनेटभोवती पाच माणसं वाकून उभी, आणि नाना गंभीरपणे म्हणतायत, “तेल-पाणी ठीक दिसतंय.” आपल्याकडे उघड्या बॉनेटभोवती पुरुष वाकलेले दिसले की कुणी काही विचारत नाही; अक्कांनीही विचारलं नाही. आणि नानांनी हातातल्या कवड्या समोर दिसलेल्या पहिल्या भोकात लोटल्या होत्या. ते भोक म्हणजे डब्याची सोंड! दुसऱ्या दिवशी हात घातला तर कवड्या गोल डब्याच्या पलीकडे पळालेल्या, हाताला काही लागेना. नानांनी ठरवलं की दोस्तांनी चोरल्या. तेव्हापासून त्यांनी त्या सगळ्यांशी बोलणं टाकलेलं होतं!

म्हणजे बघा. कवड्या नानांच्या, त्यांनी घातलेल्या, त्या वाजत होत्या तेव्हा नाना ओट्यावर बसून म्हणत होते, गाडीचं वय झालं!

कुंपणाबाहेर जो हशा उठला तो माझ्या मते साक्रीपर्यंत गेला असणार. नरडाण्याचे गृहस्थही पोट धरून हसत होते. नानांचा चेहरा आधी लाल, मग जांभळा झाला, आणि शेवटी, हे नानांबद्दल सांगायलाच हवं, ते स्वतःही हसायला लागले. हसता हसता सतरंजीवर बसले आणि म्हणाले, “अक्का, किती गुण?”

“जागा निवडायला दहापैकी नऊ,” अक्का म्हणाल्या. “बाकी नापास. कवड्या जप्त.” आणि कनवटीची किल्ली काढून त्यांनी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. गल्लीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या त्या कवड्यांसाठी नव्हत्या. त्या किल्लीसाठी होत्या.

लग्नाच्या दिवशी पहाटे गाडी निघाली. झेंडूच्या माळा, शेजारी नवरी, मागे नाना, नानी आणि मधे मी, आवाज आलाच तर असावा म्हणून. आवाज कसला? गाडी इतकी गुपचूप चालली होती की पारोळ्याचा बाजार ओलांडताना अक्कांना दोनदा बघावं लागलं, चालू आहे ना. एरंडोलला रस्त्याकडेच्या चहावाल्याने नवरीला बघायच्या ऐवजी स्टेअरिंगवरच्या अक्कांना बघितलं आणि किटलीतला चहा कपाबाहेर ओतला. जळगाव जवळ आलं तेव्हा अक्का शिट्टी वाजवत होत्या. मुख्याध्यापिका, शिट्टी! नवरी खिदळत होती, नानी पदर तोंडाला लावून हसत होत्या, नाना कराराप्रमाणे मुकाट बसले होते. मुहूर्ताच्या कितीतरी आधी गाडी मांडवाच्या दारात उभी राहिली. अक्का कॅनव्हासच्या बुटांनी उतरल्या, पदर सारखा केला आणि नवरीला हात दिला. वऱ्हाडी वाजंत्री विसरून बघत राहिले. त्या दुपारी नवरा-नवरीने एकी-बेकी खेळली ती जप्त केलेल्या कवड्यांनीच. नवरी जिंकली, हे सांगायला नको.

जेवणं आटोपल्यावर मुलाकडचे एक काका, रावेरकडचे केळीवाले, गाडीभोवती पुन्हा पुन्हा फिरत होते. बॉनेटवर हात फिरवून, दार उघडून-मिटून ते नानांपाशी आले.

“नाना, गाडी लाख शे. देतस का माले?”

नाना हात पुसत होते. त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही.

“माले काय इचारतस? गाडी अक्कानी शे.”